सुधारत चाललेला आकडा

इन्स्पेक्टरबाईंना निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, तरी त्या बाजारात दिसल्या की दुकानदार अजून नकळत तराजूवरचा हात मागे घेत. वजनमाप खात्यात त्यांनी एकतीस वर्षं काढली. पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, आतून पोखरून पुन्हा बुजवलेलं किलोचं वजन, दुहेरी तळाचं तेलाचं माप, बोलता बोलता काट्यावर टेकलेली करंगळी, हे सगळं त्यांनी पकडलं होतं. खोटा काटा पकडणं त्यांना अवघड वाटत नसे. त्या सावध होत त्या निराळ्याच वेळी. मागच्या खेपेला चुकणारा काटा या खेपेला दुरुस्तीशिवाय बरोबर निघाला, की बाई समजत, आपण येणार हे याला आधीच कुणीतरी कळवलंय.

एका सकाळी मागच्या खोलीतल्या मीटरची सुई एक पूर्णांक सहावरून एक पूर्णांक तीनवर आलेली दिसली, तेव्हा दुसरा कुणी असता तर खूश झाला असता. बाईंनी मात्र हातातला चहा खाली ठेवला.

मीटर त्यांच्या हौशी रेडिओचा. हा छंद बाईंना अपघातानेच लागला होता. तरुणपणी धाकट्या भावाला रेडिओचा परवाना हवा होता आणि परीक्षेला एकटं जायची भीती वाटत होती. त्याला धीर म्हणून बाईंनीही अर्ज भरला. बाई पास झाल्या, भाऊ नापास झाला. पुढच्या वर्षी तोही पास झाला, पण ही गोष्ट घरात कुणी त्याला विसरू दिली नाही. आता तो दोनशे किलोमीटरवरच्या गावात राहत होता आणि रोज सकाळी साडेसातला, सात हजार त्रेपन्न किलोहर्ट्झवर, बहीणभाऊ दहा मिनिटं बोलत. गेल्या सव्वीस वर्षांत आजारपणं आणि लग्नकार्यं सोडली तर त्यात खंड नव्हता.

रेडिओतून निघालेली शक्ती केबलमधून गच्चीवरच्या अँटेनात जाते. अँटेनाने ती नीट घेतली नाही तर काही भाग आल्या वाटेने परत येतो. किती परत आलं ते मीटर सांगतो. एक म्हणजे काहीच परत आलं नाही. दोनपर्यंत चालून जातं. तीन म्हणजे काहीतरी बिघडलंय. बाईंचा मीटर कित्येक वर्षं दीड ते एक पूर्णांक सहाच्या आसपास असायचा आणि त्यांची काही तक्रार नव्हती. आता कुणी हात न लावता तो सुधारला होता. दुसऱ्या दिवशी परत एक पूर्णांक सहा. चौथ्या दिवशी पुन्हा एक पूर्णांक तीन.

बाईंनी कोरी वही काढली, पट्टीने रकाने आखले. तारीख, वेळ, आकडा, हवामान, आणि शेवटचा रकाना ‘गच्चीवर कोण गेलं’.

घरात माणसं दोनच. बाई आणि त्यांचा नवरा. नवऱ्याचं तळमजल्यावर चष्म्यांचं दुकान होतं. गिऱ्हाइकाला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची, काच बदलायची, “आता बरं की मघाचं बरं?” असं मवाळ आवाजात विचारायचं, यात त्याचा जन्म गेला होता. तीन आठवड्यांत वहीने जे सांगितलं ते स्पष्ट होतं. ज्या दिवशी नवरा गच्चीवर गेला, त्याच दिवशी आकडा सुधारला होता. पाचपैकी पाच वेळा.

“आज सकाळी तुम्ही वर गेला होतात?” बाईंनी जेवताना विचारलं.

“टाकी भरून वाहत होती. व्हॉल्व्ह बंद करायला गेलो.”

“अँटेनाला हात लावलात?”

“अगं, ती कुठे सुरू होते आणि कुठे संपते हेसुद्धा मला माहीत नाही.”

बाईंनी जेवण झाल्यावर वहीत लिहिलं, ‘हात लावला नाही, असे म्हणतात.’

एवढ्यावर त्या थांबल्याही असत्या, पण याच दिवसांत भावाचंही काहीतरी बिनसलेलं होतं. दोन महिन्यांपूर्वी तो ठरल्या जागी सापडेना. बाईंनी डायल फिरवून शोधलं तर पठ्ठ्या सात हजार अठ्ठावन्नवर बसून त्यांनाच हाका मारत होता. तीनाचा आठ वाचला होता. एकदा झालं असतं तर बाईंनी सोडून दिलं असतं. आठवड्यात तीनदा झालं. याच्या डोळ्यांत काहीतरी आहे, हे त्यांनी तिथेच ओळखलं. पण रेडिओवर कुणीही ऐकत असतं, तिथे घरचं उघड बोलायची सोय नाही. म्हणून त्या आडून विचारत.

“तुझ्या खिडकीच्या काचा धुरकटल्यात का रे? पुसून घेतल्यास का?”

“ताई, नाही कळलं. परत सांग.”

बाई सावकाश, एकेक शब्द सुटा करून परत सांगत.

“फार पुसट येतेयस, ताई. गोंगाटात बुडतेयस. उद्या बोलू.”

आणि तो निघून जाई. बाईंना मात्र त्याचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. उलट पूर्वी त्याच्यामागे चाललेली खरखरही अलीकडे कमी झाली होती. मला तू नीट ऐकू येतोस, माझा मीटर उत्तम सांगतोय, मग मी तुला पुसट कशी? आणि पुसट नेमकी कधी? डोळ्यांचं विचारलं की. पावसापाण्याच्या गप्पा मात्र त्याला कळत, निदान तो कळल्यासारखं हुं हुं करी. फोन केला तर तो भावजय उचलायची. “वन्सं, ते आत्ताच बाहेर गेलेत.” ती फोनवर इतकी हळू बोलायची की पलीकडे कुणीतरी बसलेलं असावं असं बाईंना वाटे.

त्यातच एका दुपारी बाई दुकानात उतरल्या तेव्हा नवरा एक लहानसं खोकं दोऱ्याने बांधत होता. बाईंना पाहून त्याने त्यावर वर्तमानपत्र सरकवलं.

“काय आहे?”

“परत पाठवायचं सामान. फ्रेम चुकीची आली.”

परत जाणाऱ्या सामानाला नवरा कधी इतक्या निगुतीने गाठ मारत नसे. बाई वर निघून आल्या. त्यांच्या नोकरीत दुकानदाराला लगेच हटकणं हे नवशिक्याचं लक्षण मानत.

त्यांनी आधी मीटरचाच छडा लावायचा ठरवला. गच्चीवर, टाकीशेजारच्या कठड्यापाशी, अँटेनाकडून येणारी केबल आणि खाली खोलीत जाणारी केबल यांचा सांधा होता. नवरा काही करत असेल तर तिथेच. बाईंच्या जुन्या पेटीत शिशाची मोहोर आणि तार अजून शिल्लक होती. त्यांनी त्या सांध्यावरून तार फिरवली, शिसं दाबलं, आणि कुणी सोडलं तर ताबडतोब कळेल असं सीलबंद केलं. सांध्यावर चार वर्षांपूर्वी त्यांनीच काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. ती वरून जशीच्या तशी होती. ती उघडून पाहायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

तीन दिवसांनी टाकी वाहिली, नवरा वर गेला, आकडा एक पूर्णांक तीन झाला. बाई धावत वर गेल्या. सील शाबूत होतं.

आता संशय घ्यायला मीटरच उरला. तो तपासायला दुसरं यंत्र हवं, आणि तसं यंत्र गावात एकाच माणसाकडे होतं. कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून आयुष्य काढलेले एक गृहस्थ होते. दिसेल त्या वस्तूचा विजेचा रोध ओहममध्ये मोजायच्या सवयीमुळे सगळे त्यांना ओहमकाका म्हणत. त्यांच्याकडचं अॅनालायझर हाताच्या पंजाएवढं होतं. केबलला जोडलं की पडद्यावर आकडा दाखवी.

“द्यायला हरकत नाही,” ओहमकाका म्हणाले, “पण मी बरोबर येईन.”

“आधी मी ते तपासणार,” बाई म्हणाल्या.

“माझं यंत्र?”

“कुणाचंही असो.”

ओहमकाकांच्या कपाळाला आठी पडली, पण ते आले. बाईंनी एका डबीत पक्का बंद केलेला पन्नास ओहमचा रोध जपून ठेवला होता, खात्यात प्रमाण वजन ठेवतात तसा. तो सगळी शक्ती गिळतो, काहीच परत पाठवत नाही, त्यामुळे तो जोडला की चांगल्या यंत्राने बरोबर एक दाखवायला हवं. अॅनालायझरने एक दाखवलं. बाईंच्या मीटरनेही एकच दाखवलं. मग त्यांनी शंभर ओहमचा लावला. दोन्ही यंत्रांनी हवं तसं दोन दाखवलं. बाईंनी ते दोनदा परत करायला लावलं. ओहमकाका खिडकीबाहेर बघत राहिले.

मग खोलीत आलेल्या केबलला अॅनालायझर लावलं. एक पूर्णांक पाच. मीटरशी जवळपास जुळत होतं. इथवर कुणाची तक्रार नव्हती. “आता वर जाऊन सांध्यापासून मोजू,” ओहमकाका म्हणाले. बाईंनी स्वतः सील तोडलं, चिकटपट्टी कापली, वरची केबल सुटी केली आणि तिला यंत्र लावलं.

दोन पूर्णांक नऊ.

तीच अँटेना, तेच यंत्र, मध्ये फक्त दोन जिने. खाली दीड आणि वर जवळजवळ तीन.

“तुमचं यंत्र खोटं बोलतंय,” बाई म्हणाल्या.

“बाई, तुम्हीच ते आत्ता चार वेळा तपासलंत.”

“तुम्ही काहीतरी दाबलंत. मघाशी तुमचा अंगठा त्या बटणावर होता.”

ओहमकाकांनी यंत्र पिशवीत टाकलं. “माझ्या यंत्राला वर एक आणि खाली एक सांगून काय मिळणार आहे? मी काही किराणा विकत नाही.” ते जिन्याकडे वळले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण कान लाल झाले होते.

आवाज ऐकून नवरा वर आला. त्याने दोघांकडे पाहिलं आणि ओहमकाकांची पिशवी हळूच आपल्या हातात घेतली. “काका, चहा ठेवलाय. दहा मिनिटं बसा.” मग बायकोला म्हणाला, “गिऱ्हाईक म्हणतं, या काचेतून चांगलं दिसतंय. त्याला एवढंच आवडत असतं. मी कधीकधी चष्म्यात काच घालतच नाही, नुसती फ्रेम देतो आणि विचारतो, कसं दिसतंय? काहीजण म्हणतात, आधीपेक्षा छान.”

हे त्याने वातावरण निवळावं म्हणून सांगितलं होतं. ओहमकाका थोडे हसलेही. बाई हसल्या नाहीत. त्या कठड्याशी सुट्या पडलेल्या केबलच्या टोकाकडे बघत होत्या.

“काका,” त्या म्हणाल्या, “ही अशीच सुटी राहू दे. खाली चला.”

खाली मागच्या खोलीत ओहमकाकांनी यंत्र परत केबलला लावलं. आता त्या केबलच्या दुसऱ्या टोकाला काहीही नव्हतं, ना अँटेना, ना दुसरं काही. गेलेली सगळी शक्ती परत यायला हवी होती आणि आकडा पडद्याच्या बाहेर जायला हवा होता.

पडद्यावर एक पूर्णांक सहा होतं.

नवरा वरच थांबला होता. बाईंनी त्याला फोन लावला. “तुम्ही ते टोक परत जोडलंत का?”

“नाही. माझ्या हातातच आहे.”

“खरं सांगा.”

“वर ये आणि बघ.”

बाई गेल्या. बासष्टाव्या वर्षी दुसऱ्यांदा दोन जिने. नवरा एका हातात केबलचं टोक धरून उभा होता, दुसऱ्या हातात फोन. बाईंनी ते टोक बोटांनी चाचपलं. ते ओलं होतं. त्यांनी चिकटपट्टीचा कापलेला तुकडा उलटा केला तर आतली बाजूही ओली. वर पाहिलं, तर टाकी वाहिली की पाणी कठड्यावरून ओघळून नेमकं इथेच पडत असणार. काळ्या डागाची वाटच पडली होती भिंतीवर.

बाईंनी सांध्यापासूनची हातभर केबल कापून खाली आणली आणि टेबलावर उभी चिरली. आतली तांब्याची जाळी काळीहिरवी झाली होती, मऊ पडली होती, आणि तिच्यातून पाण्याचे थेंब टेबलावर उतरले. ओहमकाकांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं.

“केबलच सगळं पिऊन टाकतेय,” ते म्हणाले. “वर जाताना अर्धंअधिक हिने खाल्लं. जे परत फिरलं तेही येताना हिनेच खाल्लं. खाली काही पोचतच नाही, म्हणून मीटर म्हणतो सगळं छान. ओली झाली की आणखी खाते. मग आणखी छान.”

“आणि मला भाऊ ऐकू येतो, तो?”

“त्याचा आवाज कमी होतो तसा गोंगाटही कमी होतो. तुम्हाला फरक कळणार नाही. तुमच्याकडून निघतानाच कमी निघालेलं त्याच्यापर्यंत काय पोचणार?”

बाई खुर्चीत बसल्या. महिनाभर त्यांनी नवऱ्यावर, भावावर, भावजयीवर, मीटरवर, या भल्या माणसावर आणि त्याच्या अंगठ्यावर संशय घेतला होता. ती चिकटपट्टी तेवढी संशयातून सुटली होती, कारण ती त्यांच्या हातची होती. गुंडाळताना त्यांनी वरून खाली गुंडाळली होती. कौलं जशी खालून वर रचतात तशी गुंडाळायला हवी होती, म्हणजे पाणी कडेवरून निसटलं असतं. त्यांच्या पट्टीने ते आत घेतलं होतं. वर त्यांनी तिला सरकारी सीलही लावलं होतं.

“काका, तुमचं यंत्र बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “माझं चुकलं.”

“लिहून द्या,” ओहमकाका म्हणाले. ते गंमत करत होते की नाही हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

बाईंनी वहीचं एक पान फाडलं आणि खात्याच्या भाषेत लिहिलं: सदर उपकरण प्रमाण रोधाशी पडताळून पाहिले असता बरोबर आढळले. खाली सही, तारीख. ओहमकाकांनी तो कागद वाचला, घडी घातली आणि यंत्राच्या पिशवीत ठेवला. मग त्यांनी चहा मागितला.

नवी केबल यायला चार दिवस लागले. ती जोडल्यावर खोलीतला आकडा दोन पूर्णांक सात झाला. इतका वाईट आकडा त्या खोलीत कधी दिसला नव्हता आणि बाईंना तो पाहून बरं वाटलं. अँटेनाच्या एका बाजूचा दोर सैल होऊन तार कठड्यावर जवळजवळ टेकली होती. तो ताणून बांधल्यावर दीड. सांधा या वेळी ओहमकाकांनी गुंडाळला. बाईंनी बाजूला उभं राहून तो नीट पाहिला आणि दोनदा परत करायला लावला.

दुसऱ्या दिवशी साडेसातला त्यांनी भावाला हाक मारली. तो त्रेपन्नवरच होता.

“ताई?” तो म्हणाला. “अगं, तू शेजारच्या खोलीतून बोलतेयस की काय? गेल्या कित्येक दिवसांत एवढी कधी आली नव्हतीस. मला वाटलं, आता तुझा रेडिओच संपला.”

“म्हणजे तुला खरंच ऐकू येत नव्हतं?”

“नाही तर काय? मी रोज सांगत होतो.”

बाईंनी मीटरकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी विचारलं, “आता ऐकू येतंय?”

“अगदी स्वच्छ.”

“मग खिडकीच्या काचांचं सांग. तीनाचा आठ दाखवतात त्या.”

“ताई, फोन करतो,” तो म्हणाला आणि मिनिटभरात फोन वाजला. या वेळी तो स्वतःच होता.

“ऑपरेशन झालं. उजव्या डोळ्याचं. मोतीबिंदू. महिना होत आला.”

“महिना?”

“डाव्याचं पुढच्या महिन्यात. काही त्रास नाही. चष्माही आला, भाऊजींनी पाठवला.”

बाईंनी मान वळवली. नवरा दारात उभा होता, दुकानाची किल्ली हातात घेऊन. त्याने खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही. “त्याने शपथ घातली होती,” एवढंच म्हणाला.

“मला का नाही सांगितलंत?” बाईंनी फोनमध्ये विचारलं, पण प्रश्न दोघांनाही होता.

“तू आली असतीस,” भाऊ म्हणाला. “आणि दवाखान्यात उभं राहून डॉक्टरची यंत्रं तपासायला लागली असतीस. ऑपरेशनच्या टेबलावर पडून मला ते ऐकायचं नव्हतं, ताई.”

बाईंना राग आला होता, चांगलाच. पण तसं झालं नसतं असं त्यांना म्हणता येईना. त्यांनी ऑपरेशन कसं झालं, औषधाचे थेंब किती वेळा घालायचे, भावजय वेळेवर घालते का, हे सगळं विचारून घेतलं. आवाज पोचत नव्हता हे खरं होतं आणि पोचला असता तरी त्याने सांगितलं नसतं हेही खरं होतं. दोन्ही गोष्टी मनात नीट लावायला त्यांना दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत नवऱ्याशी त्या कामापुरतंच बोलल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्याला गच्चीवर नेलं आणि टाकीला वाहतं पाणी दुसरीकडे सोडणारी नळी बसवून घेतली.

डाव्या डोळ्याच्या वेळी नवराबायको दोघंही गेले. दुकान तीन दिवस बंद राहिलं. भावाने त्यांना ऑपरेशन होऊन गेल्यावर संध्याकाळच्या गाडीने बोलावलं होतं, सकाळच्या नाही. बाईंनी पट्टीखालचा डोळा पाहिला, उजव्या डोळ्याने वर्तमानपत्रातली सगळ्यात बारीक अक्षरं त्याच्याकडून वाचून घेतली, भावजयीला थेंबांचं वेळापत्रक आखून दिलं. डॉक्टर कोण, हे त्यांनी तिघांनाही वेगवेगळं गाठून विचारलं. तिघांनीही सांगितलं नाही. त्या गावात डोळ्यांचे डॉक्टर दोनच आहेत, एवढं मात्र त्यांनी शोधून काढलंय.